काचेच्या पेटीतल्या चौघी

मागच्या महिन्यात बदलापूरला माझ्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्यात नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि जेवणं चालू असताना माझी मामेबहीण वैशाली लहानपणच्या गोष्टी सांगायला बसली. तिला सांगायला छान येतं, माणसं हातातला घास धरून ऐकतात. "आमच्या घरी जर्बिल होते," ती म्हणाली, "शेपटीला केस असलेले उंदीर. एकमेकांना फाडून टाकायचे. मी त्यांना एकत्र राहायला शिकवलं, तेव्हा मी जेमतेम सहावीत होते." सगळे कौतुकाने हसले. ते बोलताना तिने एकदा माझ्याकडे बघितलंसुद्धा, आणि मी नेहमीसारखी ताटात बघू लागले. घरी आल्यापासून माझा जीव जळतो आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही, कधीच आलं नाही. पण चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. ही वही मला कोणाला दाखवायची नाही. तरी जे झालं ते, झालं तसं, एका ठिकाणी लिहिलेलं असू दे.

आमचं घर जांभूळला. गावातल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पुढे शिकायचं तर बदलापूरला जायचं, आणि एकट्या पोरीला तेवढं चालत पाठवायला बाबा तयार नव्हते. तेव्हा आईचा भाऊ, म्हणजे माझे मामा, म्हणाले की मंजुळाला आमच्याकडे अंबरनाथला पाठवा, वैशालीबरोबर पाचवीत घालतो. वैशाली माझ्याच वयाची, दोघी एकाच वर्षी चौथी पास झालेल्या. मामा औषधाच्या कारखान्यात सुपरवायझर होते, अंबरनाथ पूर्वेला त्यांचा तळमजल्यावरचा ब्लॉक होता, बाबांना त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ वाटायचा. बाबा मला पोचवायला आले तेव्हा शाळेचा दाखला त्यांनी चौघडी करून टोपीत ठेवला होता. तो काढून, सरळ करून त्यांनी मामांच्या हातात दिला. मामांनी मामींना दिला. मामींनी तो कपाटात, खणाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली सरकवला. मी बघत होते. पुढे जून आला, वैशालीला नवं दप्तर आलं, आणि शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, "काय करणार, गावाहून हिचा दाखलाच आला नाही." दर रविवारी ते कपाट पुसायचं काम माझं होतं. दर रविवारी मी तो कागद उचलून दाखला बघायची आणि परत ठेवायची. बोलले मात्र नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, तो दाखला उचलून त्या काकूंच्या हातात द्यायला काय झालं होतं मला? पण तेव्हा माझी मान वरच होत नव्हती.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी पंपाच्या स्टोव्हचा, मग मामांच्या कारखान्याच्या भोंग्याचा, दुपारी रेडिओचा. मामी कल्याणच्या, हाताला चव होती त्यांच्या, पण सुकट घरात येऊ द्यायच्या नाहीत. वर ऑफिसरांची घरं आहेत, वास जातो, म्हणायच्या. आई कधी जांभूळहून सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून पाठवायची, तर मी त्या मागच्या ओट्यावर नळाजवळ बसून खायची. मामी दार लावून घ्यायच्या. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मामांनी कारखान्यातून एका खोक्यात दोन जर्बिल आणले. तिथे औषधं तपासायला उंदीर पाळत, त्यात हे वेगळे आले होते आणि कामाचे नव्हते, म्हणून कोणी घरी नेले तरी चालणार होतं. दोघी माद्या, एकाच वेतातल्या बहिणी. रंग भाजलेल्या रव्यासारखा, डोळे काळे टपोरे, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. मामांकडे माशांची एक जुनी काचेची पेटी होती, कोपऱ्यात चीर गेलेली, तीत त्यांना ठेवलं. मामी त्यांना उंदीरच म्हणायच्या. वैशालीने चार दिवस हौसेने भोपळ्याच्या बिया घातल्या, मग ते काम माझ्याकडे आलं. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागले. दिवसभर करकर करत पुठ्ठा कुरतडायच्या, भुशात बोगदे काढायच्या, आणि कशाला घाबरल्या की मागच्या पायांनी पेटीच्या तळावर ठकठक, ठकठक आपटायच्या. जात्यावरची खुंटी ठोकल्यासारखा आवाज. मी माणसांशी बोलत नव्हते तेवढं त्यांच्याशी बोलायची.

भुसा आणायला मी आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प पाचला जायची. तिथे एक म्हातारे सिंधी चाचा फर्निचर बनवायचे. पॉलिश लागलेला भुसा ते मला देत नसत, स्वतः कोरा भुसा काढून ठेवायचे. कशाला लागतो ते ऐकून आधी खूप हसले. मग म्हणाले की त्यांच्या मुलखात वाळूत असले पुष्कळ असायचे, लहानपणी ते बिळांवर कान लावून त्यांची ठकठक ऐकायचे. "पण एक ध्यान में रख, बेटा," ते म्हणाले, "उनका आपस में टोली होता है. बाहरवाला घुसला तो जिंदा सोडत नाही."

आणि नेमकं तेच झालं. दिवाळीनंतर मामांनी आणखी दोन आणल्या, दुसऱ्या वेतातल्या बहिणी, आणि झाकण काढून सरळ आत सोडल्या. वैशाली टाळ्या वाजवत होती. थोडा वेळ चौघी एकमेकींना हुंगत फिरल्या. मग अंग फुगवून थोरलीने एकीवर उडी घेतली आणि त्यांचा एक गोळाच झाला, काचेवर रक्ताचे थेंब उडाले. मामा पेपर गुंडाळून त्यांना दूर करायला गेले, त्याने काही होईना. मी हात घातला. थोरलीने माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला दात रोवले. तो व्रण अजून आहे, हे लिहिताना पेनाच्या शेजारीच दिसतो आहे. नव्या दोघींना मी तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. मामा म्हणाले, "जाऊ दे, परत नेऊन देतो." परत नेल्यावर त्यांचं काय करणार, ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मला आईची कोंबडी आठवली. जांभूळला बाजारातून नवी कोंबडी आणली की बाकीच्या तिला टोचून अर्धमेली करतात. म्हणून आई नवीला थेट सोडायची नाही. अंगणात डालग्याखाली ठेवायची, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली. बाकीच्या भोवती फिरतात, फटीतून बघतात, चोच मारायला जातात, पण लागत नाही. आठ-दहा दिवसांनी डालगं उचललं की कोणी मानही वर करून बघत नाही. मला वाटलं, कोंबडीला चालतं ते ह्यांना का नाही चालणार.

सुतळीने पेटीची रुंदी आणि उंची मापून मी चाचांकडे गेले. त्यांनी खाच पाडलेल्या दोन पट्ट्या करून दिल्या. मोडीत निघालेल्या दुधाच्या कपाटाची जाळी त्या खाचांत बसवली, आणि पेटीचे दोन भाग झाले. एका बाजूला थोरली-धाकटी, दुसऱ्या बाजूला भुरी आणि खारी, ही मी नव्यांना दिलेली नावं. पहिले दिवस त्या जाळीला दात लावून कुरतडत होत्या. मी रोज त्यांच्या जागा बदलायची, ह्या त्या बाजूला, त्या ह्या बाजूला, म्हणजे एकीच्या भुशात दुसरी झोपेल. आपल्या घरातल्यांना त्या वासाने ओळखतात, माणसं जशी तोंडावरून ओळखतात. भुसा पूर्ण कधी काढायचा नाही, घाण झालेला तेवढाच. बारा-तेरा दिवसांनी त्या जाळीला दोन्हीकडून पाठ लावून झोपलेल्या दिसल्या. आणखी चार दिवस मी धीर धरला. मग एका सकाळी जाळी काढली आणि हाताला फडकं गुंडाळून पेटीपाशी बसून राहिले. भात लागला, मामींनी दोन हाका मारल्या, मी उठले नाही. भुरी खाली वाकली, आणि थोरली तिचे कान चाटू लागली. दुपारपर्यंत चौघी एका ढिगात झोपल्या होत्या, कोणाची शेपटी कोणती ते कळत नव्हतं. त्या दिवसाइतका आनंद मला पुढे फार थोड्या वेळा झाला.

मामा आल्यागेल्याला पेटी दाखवू लागले. कारखान्यातलं कोणीतरी म्हणालं, हे अवघड काम आहे, सहसा जमत नाही. तेवढ्यात वैशालीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आलं. मामी म्हणाल्या, हिलाच मांडू दे ना हे. तीन दुपारी वैशाली जमिनीवर पालथी पडून तक्ता लिहीत होती आणि मी शेजारी बसून सांगत होते. एकाच वेतातल्या बहिणी घ्याव्यात. नव्या जर्बिलला थेट सोडू नये. मधे जाळी लावावी. जागा रोज बदलावी. पेटी धुऊ नये, त्यांचा वास जाऊ देऊ नये. ती लिहिताना म्हणायची, "हळू सांग ना गं, मंजे." खाली लाल शाईने तिने 'कु. वैशाली' लिहिलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू, कारण मामींनी मला एक शब्द दिला होता. म्हणाल्या, "वैशूला बक्षीस मिळालं की मामा हेडमास्तरांना भेटतीलच. तेव्हाच तुझंही पाचवीचं बोलून टाकतील. जूनमध्ये जाशील तूपण." माझं सगळं चित्त त्या बक्षिसात अडकलं होतं. वैशालीपेक्षा जास्त मला ते हवं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मामींनी मला भुशासाठी कॅम्प पाचला पाठवलं. भुसा घरात होता, तरी म्हणाल्या ताजा आण. मी परत आले तेव्हा काचेची पेटी मागच्या ओट्यावर उन्हात चकचकत होती, फिनेलचा वास येत होता. जुना भुसा कचऱ्यात. मामींनी थोरलीला आणि भुरीला साबणाच्या पाण्यातून काढून टॉवेलने पुसलं होतं आणि वैशाली त्यांच्या अंगावर पावडर टाकत होती. प्रमुख पाहुणे येणार, तक्त्याजवळ वास नको, म्हणून. उरलेल्या दोघी हातात सापडल्या नाहीत, चावायला आल्या, म्हणून त्या तशाच राहिल्या.

मी तेव्हा बोलले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा न विचारता बोलले. म्हटलं, "मामी, ह्यांना आता एकत्र ठेवू नका. ह्या एकमेकींना ओळखणार नाहीत."

"उंदरांना काय गं ओळखी-पाळखी," मामी म्हणाल्या. "चल, रिक्षा आलीये."

मी वैशालीकडे बघितलं. तक्ता तिच्या हातात गुंडाळलेला होता, त्यात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पेटी धुऊ नये. ती म्हणाली, उशीर होतोय. रिक्षात पेटी माझ्या मांडीवर होती. चौघी चार कोपऱ्यांत बसल्या होत्या आणि सगळा रस्ता माझ्या मांड्यांवर ठकठक, ठकठक होत होती.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पेटी मांडली. मामा कारखान्यातून सुट्टी घेऊन आले होते. पाहुणे आले, हेडमास्तर आले, वैशालीने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली की हे प्राणी कसे एका कुटुंबासारखे राहतात, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत धाकटीने आपल्या सख्ख्या बहिणीवर झेप घेतली. जन्मापासून जिच्या अंगाला अंग लावून झोपली तिच्यावर. मी हात घालेपर्यंत थोरलीची मान फाटली होती. ती माझ्या ओंजळीत गेली. पावडरीचा वास येत होता तिला. पोरं किंचाळत होती, आणि त्या गडबडीत पाहुण्यांनी वैशालीला विचारलं, हे असं कसं झालं.

वैशाली म्हणाली, "सर, आमच्या कामवालीने सकाळी पेटी धुतली. तिला कितीदा सांगितलं होतं मी, धुऊ नको म्हणून."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामा हात मागे बांधून उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, ही माझी भाची आहे. मामा म्हणाले, "गावाकडची आहे सर, तिला काय कळणार."

मी कितीतरी वेळा स्वतःला समजावलं आहे की वैशाली बारा वर्षांची होती, घाबरली होती. ते मी सोडून दिलं असतं. पण मामा चाळिशीतले होते. माझ्या आईच्या पाठचे. भाऊबीजेला आमच्या अंगणात पाटावर बसून ओवाळून घ्यायचे. त्यांच्यासाठी मी काही सबब शोधू शकले नाही, आणि आता शोधणारही नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या, माझ्या बोटांना रक्त होतं त्यावर त्यांनी आपला रुमाल बांधला. हळूच विचारलं, "तूच धुतलीस का?" माझी मान ना हो म्हणून हलली, ना नाही म्हणून. बक्षीस दुसऱ्या कोणाच्या चुंबकाच्या घंटीला मिळालं.

घरी आल्यावर मी थोरलीला मागच्या पेरूखाली पुरलं. मग ठेवणीतली जाळी आणि पट्ट्या आणून पेटीत पुन्हा बसवल्या. धाकटी आणि खारी एका बाजूला, पावडर लागलेली भुरी दुसरीकडे. मामी भुशाला हात लावायला आल्या तेव्हा मी पेटीवर आडवा हात धरला आणि म्हटलं, "आता कोणी हात लावायचा नाही." मामी थबकल्या. बहुतेक माझा असा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. ह्या वेळी महिना लागला. पण लागला तेवढा लागला, तिघी पुन्हा एका ढिगात झोपू लागल्या.

मे संपत आला तेव्हा मी मामींना विचारलं. रोज आरशात बघून पाठ करत होते ते वाक्य. मामी गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू शाळेत गेलीस तर तुझ्या उंदरांकडे कोण बघणार? तुझ्याशिवाय कोणाला जमतंय ते?"

प्रदर्शनात मला काही कळत नव्हतं आणि आता माझ्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. मी ते गहू निवडणारे हात बघत राहिले. मग ठरवलं की ही सबबच ह्या घरात ठेवायची नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी, वैशाली गेल्यावर, मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. त्यात जुना भुसा घातला, तिघींना एकदमच आत ठेवलं. कपाटातला कागद उचलून दाखला घेतला. बाबांची घडी तशीच होती. आणि चालत शाळेत गेले. बाई प्रयोगशाळेत होत्या. डबा टेबलावर ठेवून मी म्हटलं, "मी कामवाली नाही. वैशालीची आतेबहीण आहे. पेटी मी धुतली नव्हती. एकत्र राहायला ह्यांना मी शिकवलं होतं."

बाईंनी दाखला उलगडून वाचला. म्हणाल्या, घेऊ तुला, वय थोडं जास्त आहे पण घेऊ, पालकांची सही तेवढी आण. मग डब्यात डोकावून म्हणाल्या, ह्यांना मी ठेवून घेते, पण मला सांभाळता यायला हवं, कसं करायचं ते लिहून दे. त्यांनी कोरा कागद पुढे केला. दोन वर्षांत मी पेन्सिल धरली नव्हती. एक ओळ वर गेली, एक खाली आली, काना-मात्रा राहून गेल्या. बाईंनी सगळं वाचलं, एक अक्षर बदललं नाही, म्हणाल्या, "खाली नाव घाल. पूर्ण." मी माझं, बाबांचं आणि आडनाव, तिन्ही लिहिलं. त्यांनी तो कागद भिंतीला, जिथे पेटी ठेवणार होत्या त्याच्या वर, चिकटवला.

मामांनी सही केली नाही. न विचारता घरातली वस्तू बाहेर नेली, असल्या मुलीची जबाबदारी नको, म्हणाले. आठवड्याने बाबा न्यायला आले. मामा त्यांच्याशी दारातच बोलले. बाबांनी मला काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "चल बाय, घरा." दाखला मी त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी पुन्हा चौघडी करून टोपीत ठेवला. तो कुठल्याच शाळेत गेला नाही.

वैशाली आता म्हणेल की इतक्या जुन्या गोष्टी कोणाच्या लक्षात राहतात, बोलता बोलता 'मी' निघून गेलं तोंडातून. बारशाच्या दिवशी मीही घरी येताना स्वतःला तेच सांगत होते. पण दहावीची परीक्षा देऊन ती सुट्टीत जांभूळला आली होती. आईने तिच्यासाठी आंबोळ्या केल्या होत्या. खाता खाता तीच हसून मला म्हणाली होती, "तुझा तो कागद अजून आहे गं आमच्या लॅबमध्ये. उंदीर कधीच मेले, पण बाई कागद काढू देत नाहीत. माझा बाक नेमका त्याच्यासमोर." पाचवीपासून दहावीपर्यंत ती त्या शाळेत होती. त्यातली चार वर्षं ती त्या कागदासमोर बसली. वर वाकडं अक्षर, खाली माझं पूर्ण नाव. तिने ते वाचलेलं आहे.